मिठाचा कर कमी झाला, तो आकड्यांमुळे

 

मागच्या बैठकीत एका जुन्या सभासदाने मला सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊ, तलावाच्या पाळीवर सरकारचा पैसा लागला म्हणता, मग पाणी गळतं कुठून? विधायकांना विचारायला सांगा ना भोपाळात!" सगळे हसले, पण प्रश्न बरोबर होता. पाळ गळते म्हणजे उन्हाळ्याच्या आधीच पाणी उतरतं. पाणी उतरलं की रोहू-कतला पाव-अर्ध्या किलोचे असतानाच काढून विकावे लागतात. बीज आपण पूर्ण भावाने घेतो, पट्ट्याची रक्कम पूर्ण भरतो, आणि मासा मात्र अर्धा विकतो.

खरं सांगायचं तर आपण विचारलं होतं. दोन वर्षांपूर्वी मीच निवेदन लिहिलं होतं: "तलावाचं काम नीट झालेलं नाही, कृपया चौकशी व्हावी." लोकप्रतिनिधींनी ते पुढे पाठवलं. फिरत फिरत उत्तर आलं, एका ओळीचं: काम नियमानुसार पूर्ण झालेलं आहे. विषय संपला.

तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, चूक माझी पण होती. माझ्या कागदात ना मंजूर रक्कम होती, ना कामाची तारीख, ना पाळीची लांबी-उंची. मोघम विचारलं, मोघम उत्तर मिळालं. यावरून मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती आपल्या सगळ्यांच्या उपयोगाची आहे.

गोष्ट आहे 26 मार्च 1902 ची, कलकत्त्याची. तेव्हा देशाची राजधानी तिथे होती. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात बजेटवर चर्चा चालू होती. आदल्या वर्षी सरकारच्या तिजोरीत तब्बल 7 कोटी रुपये शिल्लक पडले होते आणि सगळे अर्थमंत्र्याचं अभिनंदन करत होते. तेवढ्यात 35 वर्षांचा एक मराठी माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मी या अभिनंदनात सामील होऊ शकत नाही. ते होते गोपाळ कृष्ण गोखले. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा, गुहागरच्या बाजूचा. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे, शाळेच्या मुलांसाठी अंकगणिताचं पुस्तकही त्यांनी केलं होतं. म्हणजे हिशोबाचा पक्का माणूस.

तो काळ कसा होता हे आपल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं आहे. 1896-97 चा दुष्काळ आणि त्याच्या मागोमाग 1899-1900 चा, ज्याला आपल्याकडे छप्पनचा दुष्काळ म्हणतात. आपलं बुऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांताच्या निमाड जिल्ह्यात होतं, आणि मध्य प्रांताला दोन्ही वेळा जबर मार बसला होता. लोक उपाशी मेले आणि सरकारची तिजोरी भरली. हे झालं कसं, हाच गोखल्यांचा सवाल होता.

त्यांनी ते असं उलगडून दाखवलं. आपल्या भाषेत सांगतो. समजा मत्स्यबीज महाग झालं म्हणून समितीने वर्गणी वाढवली. पुढे बीज स्वस्त झालं, पण वर्गणी तीच ठेवली. वर्षअखेर सचिव उठून म्हणाला, "बघा, मी केवढी शिल्लक पाडली!" तर तुम्ही त्याला हार घालाल का? सरकारने तेच केलं होतं. इंग्लंडला दरवर्षी जी मोठी रक्कम द्यावी लागे, ती तिकडच्या पैशात द्यावी लागे. रुपया पडत गेला तशी तेवढ्याच देण्यासाठी जास्त रुपये लागू लागले, म्हणून कर वाढवले. 1888 साली मिठावरचा कर मणाला 2 रुपयांवरून अडीच रुपये केला, तो याच काळात. पुढे 1893 साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या आणि रुपयाचा भाव चढवला. 13 पेन्सांच्या आसपास गेलेला रुपया 16 पेन्सांवर आणून बसवला. देणं हलकं झालं, पण वाढवलेले कर तसेच राहिले. गोखल्यांचं म्हणणं होतं की ही शिल्लक भरभराटीची नाही, गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या पैशाची आहे. तो पैसा फौजेवर आणि रेल्वेवर जातो, शाळा आणि आरोग्याच्या वाट्याला काही येत नाही.

मिठाचं मोल मासेमाऱ्याला वेगळं सांगायला नको. तेव्हा बर्फ कुठे होता? मासा टिकवायचा तर मीठ आणि ऊन, एवढंच. अडीच रुपये मण म्हणजे साधारण 37 किलोवर अडीच रुपये नुसता कर, मिठाची किंमत वेगळी. तोही 1902 चे अडीच रुपये!

आता बघा, गोखल्यांच्या हातात काय होतं. जवळजवळ काहीच नाही. कौन्सिलात बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचं, खुर्चीवर स्वतः लॉर्ड कर्झन. बजेटवर बोलायची परवानगी होती, पण मत द्यायचा अधिकार नव्हता. प्रश्न आधी लिहून द्यायचा, आणि उत्तर आल्यावर त्यावर दुसरा प्रश्न विचारायची सोय नव्हती. आज आपल्या विधायकाला त्याच्या कितीतरी पट जास्त अधिकार आहेत. तरी गोखल्यांचं ऐकावं लागलं, कारण त्यांनी मांडलेले आकडे सरकारनेच छापलेले होते. स्वतःचा छापील आकडा खोटा म्हणायला कुणालाही जड जातं.

आणि हे आकडे गोखल्यांनी एकट्याने गोळा केले नव्हते. त्यांच्या मागे गणेश व्यंकटेश जोशी नावाचे गृहस्थ होते. जोशी सरकारी शाळेत मास्तर, पुढे मुख्याध्यापक. शाळा सांभाळून सरकारचे जाडजूड अहवाल वाचायचे, जमाखर्च मांडायचे, पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात लिहायचे. बजेट आलं की गोखले त्यांचा सल्ला घेत आणि जोशी टिपणं काढून देत. भाषण कलकत्त्यात गाजलं, नाव गोखल्यांचं झालं, पण त्याचा पाया अशा एका मास्तरच्या टेबलावर भरला गेला होता.

या दोघांच्याही आधी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. तरुण गोखल्यांना सरकारी अहवाल चाळायला आणि त्यावर अर्ज लिहायला त्यांनीच लावलं. गोखले एकदा वैतागून म्हणाले की एवढी मेहनत करतो, सरकार तर नुसती पोच देतं. त्यावर रानड्यांनी समजावलं ते असं: हे अर्ज सरकारच्या नावाने असले तरी खरे आपल्या लोकांसाठी आहेत, आपले लोक यातून विचार करायला शिकतील.

पुढे काय झालं? गोखले दरवर्षी तोच मुद्दा नवे आकडे घेऊन मांडत राहिले. मिठाचा कर 1903 साली 2 रुपयांवर आला, 1905 साली दीड रुपयावर, 1907 साली 1 रुपयावर. 1903 सालीच आयकराची माफी 500 रुपयांवरून 1000 रुपयांपर्यंत वाढली. हे सगळं एकट्या गोखल्यांच्या भाषणाने झालं असं मी म्हणणार नाही. काँग्रेस ही मागणी आधीपासून करत होती, तिजोरीत पैसाही होता. पण तो पैसा कुणाचा आहे, हे कौन्सिलात उभं राहून हिशोबासकट सांगणारा माणूस पाहिजे होता. सगळीकडे त्यांना यश आलं असंही नाही. फौजेचा खर्च काही कमी झाला नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं त्यांनी 1911 साली मांडलेलं विधेयक 1912 साली 38 विरुद्ध 13 मतांनी पडलं. तरी माणूस थांबला नाही. 1915 साली वारले, तोवर काम चालूच होतं.

जुनी गोष्ट झाली म्हणून सोडू नका. अगदी शेजारचं उदाहरण घ्या. 2012 साली महाराष्ट्र सरकारच्याच आर्थिक पाहणीत एक आकडा छापून आला. दहा वर्षांत सिंचनाखालच्या जमिनीचं प्रमाण जेमतेम 0.1 टक्क्याने वाढलं. खर्च मात्र 70 हजार कोटींच्या घरातला. विरोधकांनी हा एक आकडा धरून ठेवला. आकड्याचा अर्थ असा लावू नका, सिंचन पुष्कळ वाढलं आहे, असं सरकार म्हणत राहिलं. पण त्याच वर्षी श्वेतपत्रिका काढावी लागली आणि पाण्याचे जाणकार डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. इथेही तेच झालं, सरकारचाच आकडा सरकारसमोर ठेवला गेला.

आता आपल्या दाराशी येऊ. 10 मे 2025 रोजी भोपाळात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापी मेगा रिचार्जचा करार झाला. खरिया गुटीघाटला तापीवर बंधारा होणार, तिथून दोन्ही काठांनी कालवे निघून पाणी जमिनीत मुरवणार. दोन्ही राज्यं मिळून 31.13 टीएमसी पाणी, आणि खर्च 19 हजार कोटींच्या वर. केळीवाल्या शेतकऱ्याला याचा फायदा व्हावा, आपलाही त्यात आनंदच आहे, कारण विहिरी आटल्या की आपल्याच गावच्या आटतात. पण नदी आपलं शेत आहे. बंधाऱ्याखाली उन्हाळ्यात किती पाणी सोडणार? पावसात अंडी घालायला वर चढणाऱ्या माशाला वाट ठेवणार का? अडवलेल्या पाण्यातली मासेमारी कुणाला मिळणार, काठच्या समित्यांना की बाहेरच्या ठेकेदाराला? हे प्रश्न आत्ता विचारले तर नकाशात जागा मिळेल. काँक्रीट पडल्यावर विचारले तर आश्वासन मिळेल.

विचारायचं कुणी? आपल्या जिल्ह्यातून बुऱ्हाणपूर आणि नेपानगर असे दोन विधायक जातात, खंडव्याचे खासदार दिल्लीत आहेत. तारांकित प्रश्न आहे, त्यावर तिथेच उपप्रश्न विचारता येतो. ध्यानाकर्षण आहे, ज्याला महाराष्ट्रात लक्षवेधी म्हणतात. महालेखापरीक्षकाचा अहवाल सभागृहात येतो आणि लोकलेखा समिती त्यावरून अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारते. पण 230 जणांच्या सभागृहात आपला तलाव विधायकाच्या डोक्यात यायचा तर तो कागदावर यावा लागतो. कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्या हातात पक्का आकडा ठेवणं हे आपलं काम आहे.

आकडा काढायचा रस्ता आपल्याकडे आहे. गोखल्यांच्या काळी तो नव्हता. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने 10 रुपये भरून अर्ज करता येतो, गरिबी रेषेखालच्या माणसाला तेही माफ. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कागदाची नक्कल तर मिळतेच, शिवाय झालेल्या कामाची स्वतः पाहणी करायचा आणि मालाचा नमुना घ्यायचाही हक्क याच कायद्यात आहे.

म्हणून तलावासाठी मी नवा अर्ज तयार केला आहे. यावेळी "चौकशी व्हावी" असं लिहिलेलं नाही. चार गोष्टी मागितल्या आहेत: मंजूर रक्कम आणि तारीख, अंदाजपत्रकातली पाळीची लांबी-रुंदी-उंची, माप पुस्तिकेची नक्कल, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला कुणी कोणत्या दिवशी दिला. उत्तर हातात आलं की आपण टेप घेऊन पाळीवर जाऊ. कागदावरचं माप आणि जमिनीवरचं माप शेजारी शेजारी लिहू, आणि तो कागद विधायकांना देऊ. मापं जुळली तर गळतीचं कारण दुसरं शोधू, आणि मी बैठकीत तसं सांगीन. नाही जुळली तर प्रश्न आपोआप तयार आहे.

सभासदांना एवढीच विनंती. कामाच्या वेळी काढलेले फोटो मोबाईलात असतील तर पुसू नका. कोणत्या महिन्यात पाणी कुठपर्यंत होतं, किती बीज टाकलं, किती मासा निघाला, हे ज्यांच्या वहीत आहे त्यांनी वही घेऊन यावं. वही नसेल तर आजपासून घाला, पोराच्या जुन्या वहीची कोरी पानंसुद्धा चालतील. बायकांकडे बाजारात विकलेल्या मालाचा हिशोब आपल्यापेक्षा पक्का असतो, त्यांना बैठकीला जरूर आणा.

16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आपण जाळी शिवतो, नाव दुरुस्त करतो. यंदा त्याच्या जोडीला हे कागदाचं कामही करू. प्रश्न भोपाळात विचारला जाईल, पण तो तयार इथेच, आपल्या तलावाच्या पाळीवर होतो.

आपला,
सचिव