मोठा रेडिएटर घेण्याआधी

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५ पासून ऑगस्ट महिन्यात जुन्या गाड्यांचा मोठा मेळा भरतो. १९६४ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ आणि तिच्या मागोमाग आलेल्या शेव्हेल, चार्जर अशा भल्यामोठ्या व्ही-८ इंजिनांच्या ‘मसल कार’ उन्हात मुंगीच्या गतीने सरकत असतात. साठच्या दशकात याच रस्त्यावर सिग्नल ते सिग्नल शर्यती लागायच्या. या गाड्यांचं जुनं दुखणं अशा गर्दीतच वर येतं: टेम्परेचरचा काटा चढू लागतो आणि मालक जाडजूड अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरचा भाव काढू लागतो. माझ्या मते हा खर्च बऱ्याचदा पाण्यात जातो, कारण दोष रेडिएटरच्या आकारात नसतोच. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिला पुरेल एवढा रेडिएटर तिच्यात होता. मधल्या पन्नास-साठ वर्षांत काय हरवलं, काय झिजलं, हे आधी शोधायला हवं.

पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग कामी येतो, तेवढाच धुरावाटे जातो आणि उरलेल्यातला बराचसा कूलंटला वाहून न्यावा लागतो. म्हणजे इंजिन किती तापणार, हे त्या क्षणी किती पेट्रोल जळतंय यावर ठरतं. सिग्नलला उभी गाडी फारच थोडं पेट्रोल जाळते. मग हायवेवर थंड राहणारी गाडी उभ्या-उभ्या तापते, तेव्हा पहिला संशय हाच: रेडिएटरमधून हवा जात नाही. धावत्या गाडीत वारा आपोआप मिळतो; उभ्या गाडीत सगळी भिस्त पंख्यावर. त्या पंख्याभोवतीचं आवरण, ज्याला श्राउड म्हणतात, ते कधीतरी दुरुस्तीत अडचण होते म्हणून काढलेलं असतं आणि परत बसवलेलंच नसतं. श्राउड नसेल तर पंखा फक्त आपल्या समोरच्या गोलातली हवा ओढतो, रेडिएटरचे कोपरे कोरडेच राहतात, शिवाय इंजिनवरून आलेली गरम हवा फिरून पुन्हा पुढे येते. परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या पुढच्या अंगाला एक कागद धरा. तो जाळीला चिकटून राहिला तर ठीक. गळून पडला तर श्राउड आणि पंख्याचा क्लच बघा.

दुसरा गुन्हेगार कूलिंगच्या बाहेरचा आहे, म्हणून तो सहसा सुटतो: इग्निशनचं टाइमिंग. आयडलला सिलिंडरमधलं मिश्रण सावकाश जळतं, त्यामुळे ठिणगी लवकर पडावी लागते. ती उशिरा पडली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यावरही जळण चालूच राहतं आणि ती आग हेडमधल्या पाण्याला तापवते. आयडलला ठिणगी लवकर पाडण्याचं काम डिस्ट्रिब्युटरवरचा व्हॅक्युम अ‍ॅडव्हान्स करतो. पण त्यातला पडदा फाटलेला असतो, किंवा ‘रेसिंगला लागत नाही’ म्हणून कुणीतरी नळीच काढून टाकलेली असते. १९६८ च्या सुमारास प्रदूषणाचे नियम आले तेव्हा अमेरिकन कंपन्यांनी आयडलचं टाइमिंग मुद्दाम मागे ओढलं. मात्र त्याच कंपन्यांनी अनेक इंजिनांत तापमानावर चालणारा एक छोटा स्विच बसवला: पाणी फार तापलं की तो डिस्ट्रिब्युटरला पूर्ण व्हॅक्युम देऊन टाइमिंग पुढे नेई आणि इंजिन थंड होई. टाइमिंग आणि तापमान यांच्या नात्याचा याहून बोलका पुरावा कोणता हवा?

यावर आक्षेप येतो की आता इंजिनं पूर्वीची राहिली नाहीत, त्यांची ताकद वाढवलेली असते. खरं आहे, पण ती ताकद वापरली तरच उष्णता वाढते. गर्दीत रांगणाऱ्या गाडीत ती झोपलेलीच असते. दुसरा उपाय सुचवला जातो तो थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा, आणि त्यात आपल्याकडचे मेकॅनिकही मागे नाहीत. थर्मोस्टॅट किमान तापमान सांभाळतो. ८२ अंशांऐवजी ७१ चा बसवला किंवा मुळीच ठेवला नाही, तरी कमाल तापमान रेडिएटर आणि हवाच ठरवणार. थंडीत मात्र इंजिन नाहक झिजणार. काटा शंभरला टेकला म्हणून लगेच घाबरायचंही कारण नाही. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल आणि १५ पौंड दाबाचं झाकण असेल तर कूलंट सुमारे १२९ अंशांना उकळतो. काटा थांबतो की चढतच राहतो, हे महत्त्वाचं.

गाडी फक्त वेगात तापत असेल तर मात्र संशयाची सुई पाण्याच्या वाटेकडे वळते. क्षारांनी चोंदलेला रेडिएटर, झिजलेला पंप, किंवा आतली स्प्रिंग गेल्यामुळे जास्त आरपीएमला आत ओढली जाणारी खालची होज. आयडलला ती अगदी धडधाकट दिसते. कुणाला तरी रेस द्यायला सांगून बघावी लागते. उलटं बसवलेलं हेड गॅस्केट किंवा फार बोअर केल्यामुळे पातळ झालेल्या सिलिंडरच्या भिंती हीही खरी कारणं आहेत, आणि त्यांवरही मोठा रेडिएटर हे औषध नाही. तेव्हा गाडी नेमकी कधी तापते हे आधी लिहून काढा, मग कागद, टाइमिंग लाइट आणि होज या क्रमाने तपासा. रेडिएटरचं दुकान सगळ्यात शेवटी. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.