पिकअप खाली आणताना

जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर संध्याकाळी तासभर उभे राहिले तर दोन प्रकारच्या पिकअप दिसतात. माल भरून निघालेली गाडी सरळ दिसते. रिकामी परतणारी मात्र मागून वर उचललेली आणि पुढून नाक खाली घातलेली असते. कारखान्यातून गाडी अशी निघत नाही. रिकाम्या गाडीचा मागचा भाग थोडा वर असतोच, पण इतका नाही. मागच्या एक्सलवर मूळ पाट्यांच्या जुडग्यात कुणीतरी दोन-तीन पाटे वाढवलेले असतात. केळीचे घड, मक्याची पोती, सिमेंट असा कागदावर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरायचा असेल, तर आपल्याकडचा पहिला उपाय म्हणजे पाटा टाकणे.

मी अभियंता नाही. शिक्षण बारावीपर्यंत, पुढचे सारे पुस्तकांतून आणि गॅरेजच्या बाकड्यावर बसून शिकलो. खानदेशातल्या बैलगाडीपासून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपर्यंत मालवाहतुकीच्या साधनांच्या नोंदी ठेवण्याचा छंद आहे. म्हणूनच थोरल्या भावाने गेल्या उन्हाळ्यात मला फोन केला. त्याची जुनी पिकअप केळीच्या वाहतुकीतून निवृत्त झाली होती. आता तिच्यात खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची बंडले आणि कधी दवाखान्यात न्यायची आई. आईला केबिनमध्ये चढता येत नव्हते. मागचा फाळका इतका उंच, की गोणी डोक्यावरून ढकलावी लागे. रिकाम्या गाडीत प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसे. "कमी पैशात गाडी थोडी खाली करून मिळेल का?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

गाडी खाली आणण्याचा मोठा शौक अमेरिकेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतली तरुण मुले जुन्या मोटारींच्या डिकीत वाळूची किंवा सिमेंटची पोती टाकून गाडी बसवत. जमिनीला घासत, सावकाश जाणारी गाडी ही त्यांची प्रतिष्ठा. पुढे कॅलिफोर्नियाने कायदाच केला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर १९५९ साली एका तरुणाने विमानातले हायड्रॉलिक पंप बसवून गाडी हवी तेव्हा वर-खाली करण्याची युक्ती काढली. हे निर्बंध १ जानेवारी २०२४ पासून उठले. तिकडे पोती टाकून गाडी बसवली, इकडे पोती टाकूनही बसू नये म्हणून पाटे वाढवले. दोन्हीकडचे लोखंड मात्र एकाच नियमाने वाकते.

हा नियम रॉबर्ट हूक याने सतराव्या शतकात मांडला: स्प्रिंगवर जेवढे वजन, तेवढ्याच प्रमाणात तिचे वाकणे. पाट्यांच्या जुडग्याला त्यात आणखी दोन गोष्टी लागू होतात. एक, सारख्या मापाच्या पाट्यांची संख्या वाढली की कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो. दुसरी, जाडी वाढली की कडकपणा तिच्या घनाने वाढतो. म्हणजे ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटर जाडीचा पाटा वापरला तर तो सव्वापट नव्हे, जवळजवळ दुप्पट कडक होतो. म्हणून भंगारातून आणलेला "थोडा जाड" पाटा कधीही थोडा नसतो.

भावाच्या गाडीला मागे मूळचे ७ पाटे होते आणि २ वाढवलेले. हिशेबासाठी असे धरू, की रिकाम्या गाडीचे मागच्या एका बाजूच्या पाट्यांवर येणारे वजन २८० किलो आणि मूळ जुडगे दर ७ किलोला एक मिलिमीटर वाकते. मग ते ४० मिलिमीटर वाकेल. ९ पाट्यांचे जुडगे ९ किलोला एक मिलिमीटर वाकते, म्हणजे साधारण ३१. फरक अवघा ९ मिलिमीटर. पण शेजारच्या गावातल्या, हात न लावलेल्या त्याच जातीच्या गाडीशी आम्ही टेपने ताडून पाहिले, तर भावाची गाडी मागे ७० मिलिमीटर उंच होती. उरलेली उंची आली कुठून?

ती कमानीत होती. पाटा टाकताना मिस्तरी नव्या पाट्यांबरोबर जुन्या पाट्यांनाही ठोकून जास्त बाक देतो. त्यामुळे नुसते दोन पाटे काढले की काम झाले, असे होत नाही. जुडगे सोडवून प्रत्येक पाट्याचा बाक पाहावा लागतो.

स्वस्तात गाडी खाली आणण्याचे आणखी काही मार्ग आहेत. पाटे एक्सलच्या खाली असतील तर मध्ये लोखंडी ठोकळा घालून गाडी खाली येते. मात्र आपल्याकडच्या बहुतेक पिकअपमध्ये मागचे पाटे एक्सलच्या वर बसलेले असतात, आणि तिथे तोच ठोकळा गाडी वर नेतो. दुसरा मार्ग, एक्सल पाट्यांच्या वर घेणे. एक्सलच्या नळीची जाडी ७५ आणि जुडग्याची ६० मिलिमीटर असेल, तर गाडी एकदम १३५ मिलिमीटर खाली येते. मग एक्सल चासीवर आदळू नये म्हणून चासीला खाच पाडावी लागते. शिवाय नव्या बैठका वेल्डिंग करताना कोन चुकला तर शाफ्टचे क्रॉस लवकर जातात. शौकाच्या गाडीला हे ठीक. ज्या गाडीने उद्या ओझे उचलायचे, तिची चासी कापणे म्हणजे घराचा आढा कापून माळा उंच करणे.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट: गॅसने पाटा लाल करून सरळ करणे. पाट्याचे पोलाद कडक करून नंतर ठरावीक उष्णतेवर उतरवलेले असते, त्यातून त्याला लवचीकपणा येतो. लाल होईपर्यंत तापवले की तो गेलाच. असा पाटा काही दिवस बसून राहतो आणि मग भर रस्त्यात तुटतो. मूळच्या सातातून आणखी दोन पाटे काढणे हाही असाच मोह. वरच्याच हिशेबाने, मागे प्रत्येक बाजूला ४०० किलो माल आला तर ७ पाटे आणखी ५७ मिलिमीटर बसतात आणि ५ पाटे ८०. चासीखालच्या रबरापर्यंत ७५ मिलिमीटरच जागा असेल, तर पाच पाट्यांची गाडी प्रत्येक खड्ड्यात रबरावर आपटणार.

आम्ही गाडी धुळ्याला नेली, कारण तिथे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात आणि पाट्यांचे जुने कारागीर तिथे टिकून आहेत. मिस्तरींनी गाडीखाली वाकून पाहिले आणि हसले. "पाटा टाकाले रोज लोके येतस, काढाले तुम्हीच पहिले उनात."

काम दिवसभर चालले. चासी स्टँडवर घेऊन एक्सल जॅकने धरला, यू बोल्ट सोडले, जुडगे खाली उतरवले. वाढवलेले दोन्ही पाटे काढले, तेव्हा गाडी ३० मिलिमीटर खाली आली. उरलेले पाटे मिस्तरींनी न तापवता, ऐरणीवर घणाने ठोकत मूळ बाकाला आणले. एकेका बाजूला दीड तास लागला. पाट्यांमधला गंज घासून ग्रीस लावले, कारण गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत आणि गाडी विनाकारण कडक होते. यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवे घेतले. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा वापरू नये. शॅकलचे बुशही बदलले. शेवटी गाडी ६५ मिलिमीटर खाली आली आणि दोन्ही बाजूंत ५ मिलिमीटरपेक्षा कमी फरक राहिला. सगळे मिळून साडेपाच हजार रुपयांच्या आत भागले. शंभर किलोमीटर चालवून यू बोल्ट पुन्हा आवळायचे, हे मिस्तरींनी दोनदा बजावले.

दोन गोष्टी मात्र आम्ही विसरलो होतो, त्या त्यांनी दाखवल्या. पहिली ब्रेकची. अनेक पिकअपमध्ये चासी आणि मागचा एक्सल यांना जोडणारी एक छोटी दांडी असते. मागचा भाग किती बसला, यावरून ती माल किती आहे हे ओळखते आणि त्या प्रमाणात मागच्या ब्रेकला दाब सोडते. पाटे वाढवले की गाडी बसत नाही, दांडीला गाडी रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक अपुरा पडतो. गाडी मूळ उंचीपेक्षा खाली नेली तर उलटे: रिकाम्या गाडीला जास्त दाब मिळून मागची चाके जाम होतात. म्हणून उंची बदलली की ही दांडी तपासलीच पाहिजे. दुसरी गोष्ट दिव्यांची. मागचा भाग खाली आला की हेडलाइट वर उठतात आणि समोरच्याचे डोळे दिपतात. ते त्याच संध्याकाळी भिंतीसमोर उभे करून लावून घेतले.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. मूळ उंचीवर परत येणे यात अडत नाही. त्याच्याही खाली जायचे असेल तर आधी आरटीओत विचारावे.

हे काम करताना मला पाट्याचा एक वेगळाच उपयोग कळला. पाटा वाकतो ती गाडीची तक्रार असते. मागचा भाग बसला, रबराला टेकला, की चालकाला कळते: पुरे. जादा पाटे ही तक्रार बंद करतात. पण एक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक मूळच्याच ताकदीचे राहतात. गाडी सरळ उभी दिसते आणि माल वर वर रचला जातो. चाकांमधले अंतर १४० सेंटिमीटर आणि भरल्या गाडीचा गुरुत्वमध्य ११० सेंटिमीटरवर असेल, तर वळणावर तिच्या वजनाच्या ६४ टक्के आडवा जोर लागल्यावर ती कलंडेल. मध्य ८ सेंटिमीटर वर गेला तर ५९ टक्के पुरतात. गाडी झुकते, माल सरकतो, म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी.

फेब्रुवारी २०२१ मध्ये धुळे जिल्ह्यातून रावेरकडे पपई घेऊन निघालेली मालवाहू गाडी यावल तालुक्यात किनगावजवळ रात्री उलटली. तिच्यात मजूरही बसलेले होते. किमान १५ जणांचा जीव गेला. त्या गाडीच्या पाट्यांविषयी मी काही म्हणत नाही. पण मालाबरोबर माणसेही बसतात, हे आपल्या भागातले रोजचे चित्र आहे, आणि पाटा टाकताना त्यांचा हिशेब कुणी करत नाही.

आता आई फाळक्याला हात न लावता, एका पायरीवरून केबिनमध्ये बसते. गोणी खांद्यावरून सरळ आत जाते. केळीच्या हंगामात जुन्या व्यापाऱ्याचा फोन आला, तेव्हा भावाने कागदावर आहे तेवढेच वजन नेईन म्हणून सांगितले. फोन पुन्हा आला नाही. ते भाडे गेले, ते त्याला परवडणारे नव्हते. गोठ्याच्या भिंतीला टेकवलेले जादा पाटे चार दिवस तो नुसता पाहत होता. मग उचलून लोहाराकडे घेऊन गेला. पाट्याच्या पोलादाचा कोयता फार दिवस धार धरतो. दोन पाटे दिले, त्यांतून चार कोयते झाले.