फेडरल न्यायालये : सरकारी वकील न्यायासनावर

या आठवड्यात निळ्या चिठ्ठीबद्दल, म्हणजे उमेदवाराच्या गृहराज्यातल्या सिनेटरांची संमती कळवणाऱ्या कागदाबद्दल, लिहायचे ठरले होते. ती पुढच्या खेपेवर ढकलतो, कारण गेल्या लेखावर एका वाचकाने विचारलेला प्रश्न टाळून पुढे जाणे बरे नाही. प्रश्न असा : ज्याने उमेदीची वर्षे आरोपींना तुरुंगात धाडण्यात घालवली, त्या सरकारी वकिलाला राष्ट्राध्यक्ष न्यायाधीशपदासाठी सुचवतात, तेव्हा तो आरोपीचे म्हणणे मोकळ्या मनाने ऐकेल यावर विश्वास कसा ठेवायचा? माझे उत्तर असे, की तो कोणत्या बाजूने उभा राहत होता, यावरून फारसे काही ठरत नाही. त्याने कोणते खटले उभे केले, हे पाहावे. अमेरिकेतल्या फेडरल सरकारी वकिलाच्या हातातली खरी सत्ता कोर्टातल्या युक्तिवादात नसते. कोणावर खटला भरायचा, कोणाला सोडून द्यायचे आणि आरोप किती जड लावायचा, हे तो ठरवतो. तिथल्या फेडरल गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीने होतात, साक्षीपुराव्यापर्यंत प्रकरण पोचतच नाही. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत निकाल जवळजवळ सरकारी वकिलाच्या टेबलावरच लागतो. न्यायाधीशाच्या अंगी जो विवेक हवा, त्याची परीक्षा त्या टेबलावर आधीच झालेली असते. ती उत्तरपत्रिका वाचायची की नाही, एवढाच प्रश्न.

दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवून पाहू. दोन्ही अलाबामातल्या आणि दोघांनाही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी सुचवलेले. पहिले फ्रँक जॉन्सन. १९५३ साली ते बर्मिंगहॅमला उत्तर अलाबामाचे फेडरल सरकारी वकील झाले. तिथे जेमतेम दोन वर्षे काढली, पण त्या दोन वर्षांत एक खटला असा आहे की मी तो पुन्हा पुन्हा वाचतो. समटर परगण्यातले काही गोरे शेतमालक तुरुंगातल्या कृष्णवर्णीयांचा दंड भरून त्यांना सोडवून आणत आणि त्या पैशाच्या बदल्यात शेतावर डांबून राबवून घेत. पळू पाहणाऱ्याला मारहाण होई आणि त्या मारहाणीत एक जण मेलाही. गुलामगिरी बंद होऊन जवळपास नव्वद वर्षे झाली होती, आणि परगण्यात कोणाला यात नवल वाटत नव्हते. जॉन्सन यांनी खटला भरला आणि १९५४ साली गोऱ्या ज्यूरीपुढे दोघा भावांना दोषी ठरवून घेतले. पुढच्याच वर्षी आयझेनहॉवर यांनी त्यांना मॉन्टगोमेरीला न्यायाधीश नेमले, तेव्हा त्यांचे वय सदतीसच्या आसपास होते. १९५६च्या जूनमध्ये मॉन्टगोमेरीच्या बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या तीन न्यायाधीशांच्या पीठात दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, त्या दोघांतले एक जॉन्सन. १९६५च्या मार्चमध्ये मतदानाच्या हक्कासाठीचा सेल्माचा मोर्चा त्यांनी सुनावणी होईपर्यंत थांबवला आणि साक्षी ऐकल्यावर त्याला परवानगी दिली. अन्याय जेवढा मोठा, तेवढी निषेधाच्या हक्काची व्याप्ती मोठी, हे त्या निकालाचे सूत्र होते. शेतमजुराची साक्ष खरी मानून खटला उभा करणारा वकील आणि मोर्चेकऱ्यांची साक्ष ऐकून निकाल देणारा न्यायाधीश, हा मला सरळ एकच माणूस दिसतो.

दुसरे जेफ सेशन्स. १९८१पासून ते मोबीलला दक्षिण अलाबामाचे फेडरल सरकारी वकील होते. १९८५ साली त्यांच्या कार्यालयाने पेरी परगण्यातल्या तीन कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांवर टपाली मतपत्रिकांत फेरफार केल्याचा खटला भरला. त्यांतले अल्बर्ट टर्नर १९६५ साली सेल्माच्या पुलावर लाठ्या खाल्लेल्यांच्या पुढच्या फळीतले. ज्यूरीने तिघांनाही सर्व आरोपांतून मुक्त केले. वर्षभरात रेगन यांनी सेशन्स यांना न्यायाधीशपदासाठी सुचवले, आणि सुनावणीत हा खटला व सहकाऱ्यांनी सांगितलेली त्यांची वंशभेदी वाटणारी विधाने, या दोहोंवरून सिनेटच्या न्याय समितीने १९८६च्या जूनमध्ये दहा विरुद्ध आठ मतांनी शिफारस नाकारली. सेशन्स यांच्या बाजूने बोलण्यासारखे आहे, ते मांडले पाहिजे. मतपत्रिकांची तक्रार परगण्यातल्या कृष्णवर्णीय उमेदवारांनीच केली होती. १९८१ साली मोबीलमध्ये मायकेल डोनाल्ड या तरुणाला कू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी मारून झाडाला टांगले, त्या तपासात त्यांच्या कार्यालयाने मदत केली होती. हे दोन्ही खरे. तरीही तक्रार आली म्हणून खटला भरलाच पाहिजे, असे नसते. पुरावा तोकडा असताना, जिथे मतदानाचा हक्क मिळवायलाच रक्त सांडले होते त्या परगण्यात, वृद्ध मतदारांना मदत करणाऱ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हा सेशन्स यांनी केलेला निर्णय होता. समितीने तो तपासला हे योग्यच झाले, असे माझे मत आहे.

जॉन्सन पुढे कसे निघाले हे ठाऊक असल्याने मी मागे वळून त्यांच्या वकिलीत गुण शोधतो आहे, असा आक्षेप कोणी घेईल. त्यात तथ्य आहे. १९५६ साली सिनेटने त्यांना मान्यता दिली ती त्या एका खटल्यामुळे नव्हे. आयझेनहॉवर यांच्या प्रचारात त्यांनी काम केले होते, हेही नेमणुकीमागे होते. पण सिनेटने नोंद वाचली नाही, म्हणून नोंदीत काही नव्हते असे ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. फेडरल न्यायासनांवर माजी सरकारी वकील फार आणि आरोपींची बाजू लढवलेले वकील थोडे. सर्वोच्च न्यायालयात गरीब आरोपींसाठी सरकारने नेमलेल्या फेडरल बचाव वकिलाचे काम केलेल्या पहिल्या न्यायाधीश, केतनजी ब्राउन जॅक्सन, २०२२ साली आल्या. हा असमतोल मलाही खुपतो आणि तो दुरुस्त व्हायलाच हवा. मात्र तो साऱ्या न्यायाधीशांच्या निवडीचा प्रश्न आहे. समोर बसलेल्या एका उमेदवाराचे माप त्याने घेता येत नाही. सोनिया सोटोमायर यांनी मॅनहॅटनमध्ये पाच वर्षे सरकारी वकिली केली, आणि २०१३ साली एका सरकारी वकिलाने आरोपीला विचारलेल्या वंशभेदी प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयातून कडक शब्दांत ताशेरे त्यांनीच ओढले.

सेशन्स यांच्या विरोधात पडलेल्या दहा मतांत एक त्यांच्याच राज्याचे सिनेटर हॉवेल हेफ्लिन यांचे होते. हेफ्लिन निवृत्त झाल्यावर १९९७ साली सेशन्स त्यांच्याच जागेवर सिनेटमध्ये गेले आणि त्याच न्याय समितीत बसले. गृहराज्याच्या सिनेटरच्या एका मताला एवढे वजन का, हे सांगायला निळी चिठ्ठीच लागते. ती पुढच्या आठवड्यात.