बाहेरकाठा कोणाचा?

रायगडच्या खारेपाटावर प्रबंध लिहिणारी मुले-मुली अधूनमधून माझ्याकडे जुने कागद पाहायला येतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला चरीचा संप हवा असतो, समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला कुळे, पर्यावरणवाल्याला कांदळवन. तिघेही एकाच बांधावर उभे राहून तीन दिशांना पाहतात. पायाखालचा बांध तेवढा राहून जातो.

म्हणून आधी बांध. खाडीकाठची खाजण जमीन मातीच्या बांधाने वेढायची, भरती अडवायची, पावसाने मीठ धुऊन नेले की भात लावायचा. तोही रता किंवा मुणग्यासारखा, खार सोसणारा. साचलेले पाणी सोडायला बांधात उघाडी असते. तिची झडप ओहोटीला उघडते आणि भरतीच्या दाबाने आपोआप मिटते. खाडीच्या बाजूचा मोठा बांध तो बाहेरकाठा. उधाणात त्याला खांड गेली, की एका रात्रीत सगळ्या गावाचे शेत खारे होते आणि पुढली दोन-तीन वर्षे पीक हाती लागत नाही. दर साल चिखलाचे गोळे लावून जपावी अशीच ही वस्तू आहे.

मग जपायची कोणी? जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री पद्धत होती. शिलोत्रीदार बाहेरकाठा राखी आणि त्यासाठी कुळाकडून धान्य घेई. आतले बांध कसणाऱ्याकडे. व्यवस्था जाचक होती यात शंका नाही. १९३३ ते १९३९ नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी परिसरातल्या कुळांनी शेती न करण्याचा संप चालवला, तो खोतांच्या अशाच वसुलीला विटून. (त्या सहा वर्षांत बांध कोणी राखले, हे मात्र अजून एकाही विद्यार्थ्याने मला विचारलेले नाही.) पुढे १९४८ चा कुळकायदा आला, त्याच वर्षी खारजमिनींचा कायदा झाला आणि १९५५ साली शिलोत्री हक्क कायद्यानेच गेले. जमीन कसणाऱ्याला मिळाली, हा न्यायच झाला. पण वसुलीबरोबर बांधाची जबाबदारीही मालकाच्या हातून सुटली, आणि ती गाव व खारभूमी खाते यांच्यामध्ये लोंबकळत राहिली. माझ्या मते खारेपाटाच्या आजच्या दुखण्याचे मूळ इथे आहे. नुसत्या समुद्राला बोल लावून भागणार नाही.

खांड वेळेत बुजली नाही की शेतात तिवर उगवते. २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाने कांदळवन तोडायला बंदी आहे, आणि ती हवीच. परंतु सातबाऱ्यावर भात, जमिनीवर तिवर, आणि शेतकऱ्याला ते काढता येत नाही, अशी गावे पेण-अलिबागेत आहेत. उपग्रहाच्या चित्रात हीच जागा हिरवी दिसते. एका मुलीने अशी हिरवी वाढ आपल्या नकाशात ‘सुधारणा’ म्हणून रंगवली होती. मी तिला ओहोटीच्या वेळी एका म्हाताऱ्या शेतकरणीबरोबर बांधावर पाठवले. बाई तिवरांत शिरल्या आणि चिखलात पाय चाचपडत एका जागी थांबल्या. तिथे उघाडीचे दगड होते.

मुलगी परत आली ती गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून. नकाशा तिने अजून बदललेला नाही, पण जुन्या उघाड्यांच्या खुणा त्यावर करायला घेतल्या आहेत.