छातीच्या स्कॅनमधले पांढरे ठिपके



"काल रानातून आला, भाकरी खाल्ली, अन् पहाटे गेला." अशी बातमी गावोगावी अधूनमधून कानी येतेच. गेलेला माणूस पन्नाशीचा, अंगाने धडधाकट, दवाखान्याची पायरी न चढलेला. मंडळी म्हणतात, "काही कळलंच नाही बघा." आधी कळण्याचा एक मार्ग आज आहे. तो कोणाच्या उपयोगाचा आणि कोणाच्या नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबी साठते व पुढे त्या जागी कॅल्शियम बसते. हाडाप्रमाणेच ते सीटी स्कॅनमध्ये पांढरे दिसते. आपल्या कारखान्यात रस आटविताना नळ्यांना आतून क्षाराचा थर धरतो, तसेच हे समजा. पण फरक मोठा आहे. नळीतला थर गाळप थांबवून साफ करता येतो. हा थर भिंतीच्या पोटात असतो, तो खरवडून निघत नाही. तंबाखूत चुना मळतो म्हणून हे होते का, असे कोणी विचारील. चुन्याने नव्हे. तंबाखूने मात्र हृदयाचे नुकसान होतेच, तेव्हा चुना निर्दोष सुटला म्हणून खूष होण्यात अर्थ नाही!

हे कॅल्शियम मोजण्याची रीत अमेरिकेतील डॉ. आर्थर ॲगॅटस्टन व सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केली. ठराविक घट्टपणाच्या वरचा प्रत्येक ठिपका धरावयाचा, त्याच्या क्षेत्रफळास घट्टपणाप्रमाणे १ ते ४ ने गुणावयाचे, आणि सर्वांची बेरीज करावयाची. शून्य म्हणजे कॅल्शियम दिसले नाही; १०० च्या आत थोडे; ४०० च्या वर पुष्कळ. सहा हजारांहून अधिक लोकांच्या एका अमेरिकन पाहणीचे निष्कर्ष २००८ साली आले. त्यात ३०० च्या वर आकडा असलेल्यांना हृदयविकाराचा धोका शून्यवाल्यांच्या नऊ पटींहून अधिक आढळला. त्या पाहणीत आपल्याकडचे लोक नव्हते. म्हणून तिकडे राहणाऱ्या भारतीय व शेजारी देशांतील लोकांची वेगळी पाहणी २०१० पासून सुरू झाली. तिचे नाव गंमतीचे आहे, 'मसाला'.

तपासणीस इंजेक्शन लागत नाही. काही सेकंद श्वास रोखावा लागतो, काम काही मिनिटांत आटोपते. किरणांची मात्रा साधारण एक मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून वर्षभरात अंगावर येते त्याहूनही कमी.

आता घरातल्या ट्रंकेकडे वळू. २०२०-२१ च्या कोरोनात कितीतरी घरांत छातीचा एचआरसीटी झाला. "स्कोअर पंचवीसपैकी किती?" हाच तेव्हा गावभर प्रश्न होता. तो स्कोअर फुफ्फुसाचा. कॅल्शियमच्या आकड्याशी त्याचा संबंध नाही. पण त्याच स्कॅनमध्ये हृदयही आलेले असते. ते हलत असल्याने नेमका आकडा निघत नसला, तरी कॅल्शियम ठळक असेल तर जाणकारास दिसते. कधी अहवालाच्या तळाशी एक ओळ लिहिलेलीही असते, पण त्या धावपळीत ती वाचली कोणी?

स्कॅन मात्र सरसकट सर्वांनी करावयाचा नाही. चाळिशी ओलांडलेल्या, त्रास नसलेल्या, पण कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही असा प्रश्न असलेल्या माणसास त्याचा खरा उपयोग. छातीत कळ येते, चालताना धाप लागते, त्याने स्कॅनच्या नादी न लागता थेट दवाखाना गाठावा. अँजिओप्लास्टी वा बायपास झालेल्यासही आकड्याची गरज नाही.

शून्य आला म्हणजे कायमचा परवाना मिळाला असेही नव्हे. मऊ चरबी या स्कॅनला दिसत नाही. मधुमेही व धूम्रपान करणारे यांची गोळी केवळ शून्यावरून टाळू नये, असे जाणते डॉक्टर सांगतात. उलट आकडा मोठा आला म्हणून लगेच स्टेंट बसवावा लागतो असेही नाही. बहुधा गोळी, रक्तदाब-साखरेवर ताबा आणि तंबाखू बंद, इथूनच सुरुवात होते. गोळी चालू असताना आकडा थोडा वाढलेला दिसू शकतो. त्याने घाबरून गोळी सोडू नका. चरबी घट्ट होऊन स्थिरावल्यानेही तसे होते.

ट्रंकेतली ती जुनी फिल्म व अहवाल तोडणीच्या धांदलीआधी काढा, आणि पुढच्या खेपेस तालुक्याला जाल तेव्हा डॉक्टरांपुढे ठेवून विचारा, "साहेब, यात हृदयाच्या वाहिन्यांत काही पांढरं दिसतंय का?"