भूजलातला पसारा : पाण्याचा की आकडेमोडीचा?

शेतातले नायट्रेट भूजलात उतरले, तर ते अमुक विहिरीपर्यंत केव्हा आणि किती पोहोचेल? याचे उत्तर संगणकावर काढताना जमिनीखालच्या पाण्याचे खाने पाडतात आणि एका खान्यात क्षार सगळीकडे सारखाच आहे असे मानतात. गोम या मानण्यात आहे.

चौकटीच्या वहीत ओळीने पाच खाने घ्या. पहिल्यात लिटरला १०० मिलिग्रॅम नायट्रेट, बाकीच्यांत शून्य. पाणी दर टप्प्याला अर्धा खाना सरकते आणि वाटेत काहीच मिसळत नाही असे समजू. मग चार टप्प्यांनंतर सगळे १०० तिसऱ्या खान्यात हवेत. आता संगणकासारखे करा : प्रत्येक खान्यातले निम्मे तिथेच ठेवा, निम्मे पुढे द्या. पहिल्या टप्प्याला ५०, ५०, दुसऱ्याला २५, ५०, २५, चौथ्याला ६.२५, २५, ३७.५, २५, ६.२५. (पास्कलचा त्रिकोण विद्यार्थी ओळखतीलच!) बेरीज बरोबर १०० भरते, म्हणून शंकाही येत नाही. पण पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे. प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून अधिक दूषित असलेले पाणी कागदावर पिण्याजोगे ठरले!

खान्यात नुकताच शिरलेला क्षार लगेच सबंध खान्यात पसरला असे आपण धरले. त्यामुळे त्यातला काही वेळेआधीच पुढे गेला.

खऱ्या जमिनीतही क्षार विखुरतो, कारण वाळूच्या कणांमधल्या वाटा सारख्या नसतात. पण किती? कॅनडात ओंटारिओ प्रांतातील बोर्डन येथे ऑगस्ट १९८२ मध्ये सुमारे १२ घनमीटर द्रावण वाळूच्या थरातील भूजलात सोडून त्यातील क्लोराइड व ब्रोमाइड यांचा माग काढला गेला. पाणी दिवसाला सुमारे ९ सेंटिमीटर सरकत होते. प्रवाहाच्या दिशेने होणाऱ्या विखुरणाचे माप लांबीत सांगतात, ते ०.३६ मीटर निघाले. आपल्या रीतीत आकडेमोडीचे विखुरण खान्याच्या लांबीच्या पावपट येते. खाना १० मीटरचा घेतला तर २.५ मीटर, म्हणजे खऱ्याच्या जवळजवळ सातपट!

शेजारच्या खान्यांची सरासरी घेणारी दुसरी रीत आहे. तिच्यात हा पसारा टळतो, पण तीव्र कडेजवळ उत्तर डोलते, कधी शून्याखालीही जाते. मला हा दोष परवडतो. उणे नायट्रेट निदान डोळ्यांत खुपते.

पहिल्या रीतीची परीक्षा सोपी आहे. तेच खाने निम्मे करा : दहा खाने, पहिल्या दोन्हींत १००, टप्पे आठ. सर्वांत मोठा आकडा आता ४९.२ येतो. त्याच नायट्रेटने मर्यादा ओलांडली.