बेटावरची विश्रांती : ज्येष्ठांनी अंदमानला जावे का?

दिवाळी सरली की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, आई-बाबांना अंदमानला नेले तर चालेल ना?" नाशिककरांना ही ओढ असणे स्वाभाविक आहे. आपल्या शेजारच्या भगूरमध्ये १८८३ साली जन्मलेले सावरकर १९११ मध्ये ज्या सेल्युलर जेलमध्ये डांबले गेले, ते एकदा डोळ्यांनी पाहावे, ही आपल्याकडच्या अनेक वृद्धांची इच्छा असते. मात्र हल्लीच्या सहलींत श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, एवढेच नसते. तेथून बोटीने सुमारे दोन तासांवरच्या स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये दोन-तीन रात्रींचा मुक्कामही असतो. खरा विचार करायचा तो या मुक्कामाचा.

मागे एक निवृत्त शिक्षक मुलासह आले होते. वय बहात्तर, मधुमेह वीस वर्षांचा आणि अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम सात आठवडे झालेले. मुलाने हौसेने बेटावरच्या चार रात्रींचे आरक्षण केले होते. मी सांगत असलेले धोके गुरुजींनी शांतपणे ऐकले आणि एवढेच म्हणाले, "ती कोठडी पाहायची आहे, डॉक्टर. पुढच्या वर्षाचा भरवसा कोणी द्यावा?" या प्रश्नाला नुसते 'जाऊ नका' हे उत्तर पुरेसे नव्हते.

लाभ कोणते?

अशा मुक्कामाचे लाभ खरे आहेत. वाहनांचा गोंगाट नाही, धूळ कमी, सकाळी सपाट वाळूवर संथ चालणे होते, झोप शांत लागते. त्याहून मोठा लाभ सहवासाचा. एरवी कामात बुडालेली मुले आणि नातवंडे चार दिवस आजी-आजोबांजवळ बसतात. वर्षभर शुश्रूषा करणाऱ्या सुनेला किंवा मुलीलाही स्वयंपाकघरापासून सुटका मिळते. मनाची ही उभारी औषधाच्या चिठ्ठीत लिहिता येत नाही.

अंतर तासांत मोजावे

तोट्यांचे मूळ मात्र एकच आहे : सुसज्ज रुग्णालयापासूनचे अंतर. ते किलोमीटरमध्ये न मोजता तासांत मोजावे. बेटावर प्राथमिक उपचार मिळतात. परंतु मोठ्या उपचारांसाठी समुद्र ओलांडून श्री विजयपुरमला यावे लागते. रात्री प्रवासी बोटी नसतात, खवळलेल्या समुद्रात दिवसाही त्या रद्द होतात. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅन झाल्यावरच देता येते. हृदयविकाराच्या झटक्यातही प्रत्येक मिनिट मोलाचे असते. संध्याकाळी सात वाजता छातीत दुखू लागले तर काय करायचे, याचे उत्तर घर सोडण्यापूर्वीच शोधलेले असावे.

म्हणून नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेला असेल, चालताना धाप लागत असेल, साखर वारंवार एकदम उतरत असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर बेटावरचा मुक्काम टाळावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचाही वेगळा विचार हवा. घड्याळ आपलेच असले तरी अंदमानात डिसेंबरमध्ये सायंकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. अनोळखी खोली आणि लवकर पडणारा अंधार यांमुळे अशा रुग्णांची घालमेल वाढते, रात्री पडण्याचा धोकाही वाढतो.

जायचेच असेल तर

प्रकृती स्थिर असणाऱ्यांनी पूर्वतयारीनिशी अवश्य जावे. डिसेंबर ते एप्रिल हा काळ त्यातल्या त्यात बरा. मुक्कामापेक्षा पाच-सहा दिवसांची औषधे जास्त घ्यावीत आणि ती दोन पिशव्यांत विभागावीत. इन्सुलिन विमानात स्वतःजवळच्या पिशवीत ठेवावे. सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते. औषधांची यादी, शेवटचा ईसीजी आणि डिस्चार्ज कार्ड यांची छायाचित्रे दोघांच्या तरी मोबाइलमध्ये असावीत.

बोट लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. मधुमेहींनी वाळूत अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी असल्यास तापलेली वाळू किंवा प्रवाळाचा तुकडा लागल्याचे कळतही नाही. हृदयरुग्णांनी स्कूबासारखे पाण्याखालचे खेळ तरुणांसाठी सोडावेत. खोली तळमजल्यावरची, न्हाणीघरात आधाराचा दांडा असलेली मागावी. विम्यात जुने आजार आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, हे वाचून पाहावे. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा.

गुरुजींनी सहल फेब्रुवारीपर्यंत पुढे ढकलली. हृदयरोगतज्ज्ञांनी पुन्हा तपासून अनुमती दिली. बेटावरच्या चार रात्रींऐवजी एकच ठेवली, उरलेला मुक्काम श्री विजयपुरममध्ये, रुग्णालयापासून जवळ. बेटावरून परतण्याची त्यांची बोट रद्द झालीच. परंतु हाताशी मोकळा दिवस आणि पुरेशी औषधे होती, म्हणून कोणी घाबरले नाही. सेल्युलर जेलचा जिना ते प्रत्येक टप्प्यावर थांबत, मुलाचा हात धरून चढले. परतल्यावर तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "कोठडीसमोर पाच मिनिटे नुसता उभा राहिलो."

घरातील वृद्धांना केवळ वयाकडे बोट दाखवून घरी बसवू नये, आणि केवळ हौसेपोटी दूर नेऊही नये. रुग्णालय किती तासांवर आहे आणि आजार किती स्थिर आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निर्णय अवघड राहत नाही. आरक्षण करण्यापूर्वी एकदा आपल्या डॉक्टरांसमोर बसावे, आणि ज्यांना न्यायचे आहे त्यांनाही त्या वेळी सोबत आणावे.